वारे गेलेला हात

गेल्या पावसाळ्यात पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी हिंडत असता आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याच्या घरी गेलो. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. इस्पितळातून येऊन दीड महिना झाला होता. मुलाचे नाव जिभेवर येत नसे, जपमाळेच्या वेळी मात्र प्रार्थनेचे शब्द आपोआप ओघळत. सून भरवीत होती, मुलगा हात ओढून उठवीत होता, नातू सदऱ्याची बटणे लावीत होता. सेवेत तिळमात्र उणीव नव्हती. उजवा हात मात्र उशीवर लाकडासारखा पडून होता.

इतक्यात तालुक्याच्या गावाहून फिजिओथेरपिस्टबाई आल्या. त्यांनी सुनेच्या हातातील चमचा घेतला, दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला व रुग्णाच्या उजव्या मुठीत दिला. अर्धी पेज अंगावर सांडली.

सून कळवळली. "बाई, मामांचे हाल कशाला? मी भरवते की!"

"सांडू दे, ताई. तुम्हीच भरवीत राहिलात तर हा हात काम विसरून जाईल."

मलाही त्यांनी सोडले नाही. "फादर, तुम्ही उजवीकडे बसा. त्यांना तिकडे वळून पाहू द्या." मी सवयीने धडधाकट बाजूस खुर्ची ओढली होती!

बाईंनी मग समजावले, ते असे. अशा दुखण्यात हात शाबूत असतो. त्याला हुकूम देणारा मेंदूचा भाग मेलेला असतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण तेच काम शेकडो वेळा करविले तर मेंदूचे इतर भाग ते थोडेबहुत शिकतात. पहिल्या तीन महिन्यांत ही सुधारणा सर्वाधिक होते. नेमके तेच दिवस आपण रुग्णास निजवून ठेवण्यात घालवितो. कुणी पारव्याचे रक्त चोळा म्हणतो, कुणी मालीशवाल्याचा पत्ता देतो. चोळण्याने मेंदू शिकत नाही. लुळा हात धरून ओढणे तर फारच वाईट, कारण सैल पडलेला खांदा त्याने खोबणीतून सरकतो. हात उशीवर टेकवून ठेवावा, आणि स्वतः वळता न येणाऱ्यास दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत.

मोडलेल्या हाडांचीही तीच कथा. खुब्याचे हाड मोडलेल्या आजीला शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करतात, आणि नातेवाईक डॉक्टरांवर रागावतात. महिनोन् महिने पाठीवर निजल्यानेच छातीत कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्त गोठते, हे त्यांना ठाऊक नसते.

शिकलेले स्नायू नवे काम करू शकतात, हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात फार पूर्वी दिसून आले. १९४६ साली तेथे आलेले डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगाने आखडलेल्या बोटांत दुसऱ्या, निरोगी स्नायूची दोरी आणून जोडीत. जखम भरली तरी त्या स्नायूला नवे काम माहीत नसे. ते आठवडेच्या आठवडे व्यायाम देऊन शिकवावे लागे. त्यांच्या सहकारी डॉ. मेरी वर्गीस यांचे कमरेखालचे अंग १९५४ च्या मोटार-अपघातात कायमचे लुळे पडले. पुढे चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी अशाच हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या, आणि त्यांच्या प्रयत्नांनी १९६६ साली वेल्लोरला पुनर्वसन संस्था उघडली.

आमच्या शेतकऱ्याच्या घरी बाई आठवड्यातून एकदाच येत. उरलेले सहा दिवस सुनेचे. तिने एक वहीच केली होती. सकाळी वीस वेळा वाटी उचलणे, दुपारी पाटावरून उठून उभे राहणे, संध्याकाळी अंगणात दाराच्या चौकटीपर्यंत चालणे. कित्येकदा म्हातारबुवा रागावून चमचा फेकून देत; मग ती तो धुऊन पुन्हा मुठीत ठेवी. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आले, कारण सासऱ्यांवर रागावण्याची तिला सवय नव्हती.

नाताळात त्यांच्या घरी गेलो तेव्हा पेज त्यांनी आपल्या हाताने खाल्ली. थोडी सांडलीच. बटणे अजूनही नातू लावतो, वरचे एक सोडून.