‘कोण मागं लागलंय?’

मागच्या महिन्यात भंडाऱ्याच्या डोंगरावरून उतरताना वाटेत एक आजोबा भेटले. आम्ही सहाजणी, कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी ट्रॅक पँटवर, एकीमागे एक पळत येत होतो. आजोबा काठी टेकून थांबले आणि काळजीनं विचारते झाले, ‘काय झालं गं बायांनो? कोण मागं लागलंय?’

‘कुणी नाही बाबा, सहज पळतोय!’ आम्ही हसत म्हटलं. आजोबांना काही ते पटलं नाही. आम्ही वळणाआड जाईपर्यंत ते आमच्या मागचा रस्ता न्याहाळत होते.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, बाईमाणूस सहज पळतं का हो? आपण पळतो ते दूध उतू जातंय म्हणून, नळाला पाणी आलंय म्हणून, पोराची बस चुकेल म्हणून. पळायला आपल्याला कायम काहीतरी कारण लागतं. स्वतःसाठी, मोकळ्या हवेत, तासभर पळणारी बाई दिसली की बघणाऱ्यालाही वाटतं, नक्की काहीतरी विपरीत घडलंय!

मी राहते चिखलीत. देहू-आळंदीच्या मधलं, इंद्रायणीकाठचं हे गाव. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले मल्हारपंत कुलकर्णी इथले. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि बघता बघता शेतांच्या जागी इमारती, वर्कशॉप, गोदामं उभी राहिली. पहाटेपासून रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या आणि तळवडे-चाकणकडे जाणारे कंटेनर. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी शुगर काठावर असल्याचं सांगितलं आणि ‘रोज चाला’ म्हणून बजावलं. चालणार कुठं? आमच्या बचत गटातल्या चौघी मिळून रस्त्याच्या कडेनं चालू लागलो. आठव्या दिवशी एक कंटेनर इतका जवळून गेला, की मैत्रिणीची ओढणी त्याच्या वाऱ्यानं उडून माझ्या तोंडावर आली. तिथंच ठरवलं, हा रस्ता आपला नव्हे.

मग रविवारी भंडाऱ्याला जायला लागलो. देहूपासून पाच-सहा किलोमीटरवरचा हा डोंगर. वर जायला गाडीरस्ता आहे, पण पायवाटाही आहेत, झाडोऱ्यातून जाणाऱ्या. सुरुवातीला फक्त चालायचो. जुलैतल्या एका सकाळी उतरताना जोराची सर आली आणि सगळ्याजणी आडोशासाठी पळत सुटलो. खाली पोचलो तेव्हा चिंब भिजलेल्या, धापा टाकत होतो आणि वेड्यासारख्या हसत होतो. शेवटचं असं कधी पळालो होतो, तेच कुणाला आठवेना. एकीला शाळेतली लंगडी आठवली, एकीला मंगळागौर. पुढच्या रविवारी पाऊस नव्हता, तरी पळालो!

याला हल्ली ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात, हे मला भाचीनं सांगितलं. ती चाकणला इंजिनिअर आहे, कंपनीच्या कामानं उत्तर स्पेनमध्ये सहा महिने राहून आली. बास्क म्हणून तिथला भाग आहे. ती म्हणाली, ‘मावशी, अगदी आपल्या चाकणसारखं! खोऱ्यात कारखाने आणि मान वर केली की डोंगर. पण तिथला डोंगर सगळ्यांचा असतो.’ त्या भागात सेगामा नावाचं जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव आहे. २००२ पासून तिथं ४२ किलोमीटरची डोंगरी शर्यत होते. त्यात एकूण सुमारे २७०० मीटरची चढण! आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे बघा. शर्यतीला जगभरातून माणसं येतात आणि चढावर दुतर्फा उभं राहून लोक ओरडून ओरडून त्यांना हुरूप देतात.

मला त्याहून आवडली ती दुसरी गोष्ट. स्पेनमध्ये रानातल्या, गावागावांतल्या पायवाटांवर दगडांवर, झाडांवर रंगाचे दोन पट्टे ओढलेले असतात. पांढरा-तांबडा म्हणजे पन्नास किलोमीटरहून लांबची वाट. पांढरा-पिवळा म्हणजे दहा ते पन्नासच्या मधली. पांढरा-हिरवा म्हणजे दहाच्या आतली, गावाभोवतीची. पट्टे फुलीसारखे काढलेले दिसले, की वाट चुकली, मागे फिरा. भाची म्हणाली, ‘मी एकटी जायचे. कुणाला वाट विचारावी लागत नाही, म्हणून भीती वाटत नाही.’ रंगाचे दोन फटकारे, पण परक्या मुलखात एका मुलीला ते केवढा धीर देतात!

मग वाटलं, आपल्याकडच्या बायकांना डोंगर काय नवीन आहे? भंडाऱ्याचीच गोष्ट घ्या. तुकोबा एकांतासाठी या डोंगरावर येऊन बसत आणि जिजाई भाकरी घेऊन त्यांना शोधत वर चढत. तिच्या पायात काटा रुतला आणि विठ्ठलानं तो काढला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. या डोंगरावर तुकोबांना एकांत मिळाला. जिजाईच्या वाट्याला मात्र काटा आणि परतीची घाई. घरी पोरं वाट बघत असणार ना! तुकोबांना नावं ठेवायची नाहीत मला, त्यांच्या पायाशीच तर आम्ही वाढलो. पण डोंगर चढताना दरवेळी मला जिजाई आठवते. तिला कधी घटकाभर वर बसून खालची इंद्रायणी बघायला सवड झाली असेल का?

देहूरोडजवळ घोरावडेश्वरच्या डोंगरावर लेणी आहेत. तिथं ब्राह्मी लिपीतला एक शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं, मुलाला बरोबर घेऊन, लेणं दान दिल्याचं त्यात कोरलंय. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून या डोंगरांवर बाईचा पाय आहे. मोळीसाठी, पाण्यासाठी, देवासाठी. फक्त स्वतःसाठी नव्हता, एवढंच.

आणि आपल्यातल्याच लेकी बघा. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांवर पळत वाढली आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बारामतीच्या लता करे तर साठी उलटल्यावर, नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला. तिकडे मेक्सिकोत लोरेना रामिरेझ ही आदिवासी मुलगी २०१७ मध्ये पन्नास किलोमीटरची डोंगरी शर्यत जिंकली, तीही घोळदार झग्यावर आणि साध्या सँडलवर! पुढे ती स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या शर्यतीतही धावली. तेव्हा ‘आमच्या कपड्यांत कसं पळायचं’ ही सबब आता चालायची नाही हं!

आपल्याकडेही अशा शर्यती वाढताहेत. साताऱ्याला २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटरस्त्यानं एकवीस किलोमीटरची हिल मॅरेथॉन होते. सिंहगड-राजगड-तोरणा अशी गडवाटांची शर्यतही गेली काही वर्षं भरते. आम्ही अजून कुठल्याच शर्यतीत उतरलेलो नाही. आमची खरी शर्यत घरातच होती, ती अशी.

आमच्या गटात एक वहिनी आहेत, वय बावन्न. सगळ्यांत नेटानं येणाऱ्या त्याच. एके दिवशी यायच्या बंद झाल्या. तीन रविवार वाट बघून मी त्यांच्या घरी गेले. कळलं, की डोंगरावर कुणीतरी मोबाइलवर आमचं चित्रण केलं होतं आणि ते फिरत फिरत त्यांच्या मुलाच्या कंपनीत पोचलं. मित्रांनी चेष्टा केली. मुलगा आईला म्हणाला, ‘या वयात शोभतं का तुला? मला मान खाली घालावी लागली.’ वहिनी मला एवढंच म्हणाल्या, ‘जाऊ द्या हो ताई. पोराला वाईट वाटतंय.’ आणि गॅसवरचं भांडं उगाच पुसत राहिल्या.

मी काही बोलायच्या आत कॉटवर बसलेल्या त्यांच्या सासूबाई बोलल्या. ऐंशीच्या पुढचं वय, माहेर पवनमावळातलं. म्हणाल्या, ‘लग्नाआधी मी डोंगर वलांडून दुधाची किटली घेऊन पळत जायची. उन्हाच्या आत पोचलं न्हाई तर दूध नासायचं. तवा न्हाई कुणाला लाज वाटली. पैसं यायचं ना घरात!’ घरात कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, ‘जा गं तू रईवारी. च्या मी ठेवीन.’

पुढच्या रविवारी वहिनी आल्या. मुलगा अजूनही त्या विषयावर बोलत नाही. तो अबोला त्यांना खुपतो, हे मला दिसतं. पण येणं त्यांनी सोडलेलं नाही. मध्यंतरी म्हणाल्या, ‘वर पोचल्यावर पाच मिनिटं मला कुणी हाक मारत नाही हो. तेवढ्यासाठी येते.’

मैत्रिणींनो, तुम्हालाही जावंसं वाटलं तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. शुगर, बीपी किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चढ चालतच चढायचा, मोठे मोठे धावपटूसुद्धा खड्या चढावर चालतात. पळायचं ते सपाटीला, आणि उताराला पावलं छोटी टाकायची, म्हणजे गुडघ्यावर भार कमी येतो. चपला नकोत, तळाला खोल खाचा असलेले बूट घ्या. आतले कपडे नीट आधार देणारे असावेत, यात संकोच कसला? शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारीनं खिशात गूळ-साखर ठेवावी. पावसाळ्यात शेवाळ आणि उन्हाळ्यात घसारा, दोन्हींना जपा. तिघींपेक्षा कमी जाऊ नका आणि कुठल्या वाटेनं जाणार ते घरी सांगून निघा. डोंगरावर बायकांची सोय नसते, हे कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. निघतानाच ते उरकून घ्या, आणि ग्रामपंचायतीकडे, महापालिकेकडे त्याची मागणीही करत राहा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही आणखी एक उद्योग केला. वाटेवरच्या गावकऱ्यांना विचारून, देवळं आणि लेणी सोडून, वळणावळणाच्या दगडांवर चुन्याची दोन-दोन बोटं ओढली. स्पेनसारखा पिवळा पट्टा हवा म्हणून वहिनी म्हणाल्या, ‘हळद आणू का?’ हसून पुरेवाट झाली! चुनाच तो, पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेला. पण मधल्या काळात दोन अनोळखी मुली त्या खुणांवरून आपापल्या वर आलेल्या आम्ही बघितल्या. म्हणून यंदा दिवाळी झाली की पुन्हा जाणार आहोत. बादली वहिनी घेणार आहेत.

तुमच्याही गावाजवळ एखादी टेकडी, एखादी गावदेवीची वाट असेलच. एका रविवारी सकाळी दोन मैत्रिणींना घेऊन जाऊन तर बघा. आणि वाटेत कुणी विचारलंच, ‘कोण मागं लागलंय?’ तर हसून सांगा, ‘कुणी नाही!’