कारागिराचा पंधरवडा

बाजारात हस्तकलेची वस्तू दिसते. ती घडविणारे हात मात्र सहसा दिसत नाहीत. हे अंतर कमी व्हावे, या हेतूने १९९४ साली दिल्लीत आयएनए बाजारासमोर 'दिल्ली हाट' हा उघड्यावरचा बाजार सुरू झाला. त्याची कल्पना जया जेटली यांची. येथील बहुतेक गाळे कोणाच्याही कायम मालकीचे नसतात. नोंदणी झालेल्या कारागिरांना ते साधारणतः पंधरा दिवसांसाठी मिळतात. सावंतवाडीची लाकडी फळे जेथे मांडलेली असतात, तेथेच पुढील पंधरवड्यात मधुबनीची चित्रे दिसू शकतात.

कारागिराच्या दृष्टीने हे दिवस कसोटीचेच. प्रवास, मुक्काम व मालाची ने-आण यांचा खर्च विक्रीतूनच निघावा लागतो. किंमत ठरविताना लाकूड आणि रंग यांचा हिशेब सोपा असतो. स्वतःची मजुरी मात्र अनेक जण धरीतच नाहीत, आणि धरली तरी घासाघीस सुरू होताच प्रथम तीच सोडली जाते. मध्यस्थ नसल्याचा लाभ मग गिऱ्हाइकाच्याच पदरात पडतो. म्हणून फळाला रंग कसा चढविला, त्यास किती दिवस लागले, हे सांगणे ही केवळ हौस नव्हे. यंत्राने घडविलेल्या स्वस्त वस्तूंपुढे मजुरीचे मोल पटवून देण्याचा तोच एक मार्ग असतो. पंधरवडा संपला की उरलेला माल पुन्हा गाठोड्यात बांधावा लागतो.