आकड्यांचे जंक्शन

अमरावतीहून मुंबईला निघालेली गाडी बडनेऱ्याला मुख्य लोहमार्गावर येते आणि अकोला, भुसावळ, मनमाड असे करीत पुढे देवळालीवरून जाते. वऱ्हाडातल्या कितीतरी प्रवाशांनी ते लहानसे स्टेशन खिडकीतून पाहिले असेल. पण तेथल्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकविणाऱ्या एका मास्तरांनी आकड्यांचेही असेच लोहमार्ग शोधून काढले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या. कोणतीही संख्या मांडा आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. उत्तर येईल त्याचेही तसेच करा. १ पासून निघालो तर १, २, ४, ८, १६ अशी स्टेशने लागतात. "आता ३२!" असे मुले ओरडतील, दरवेळी दुप्पटच होत आहे ना! पण १६ मधले १ आणि ६ मिळून ७, म्हणून पुढचे स्टेशन २३. मग २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१ आणि १०१.

आता दुसरी गाडी ८६ पासून सोडू. ८६ आणि १४ मिळून १००. १०० आणि १ मिळून १०१! दोन वाटा १०१ वर येऊन मिळाल्या. अशा संख्येला कापरेकरांनी 'जंक्शन' म्हटले. जणू आकड्यांचे बडनेराच! १०१ हे त्यातले सर्वांत लहान.

मग ८६ ला येणारी गाडी कोठून येते? कोठूनच नाही! तिला जन्म देणारी संख्याच नाही. अशा संख्यांना 'स्वयंभू' म्हणावे. देवळालीच्या नावानेही त्या ओळखल्या जातात. १, ३, ५, ७, ९ या त्यांतल्या पहिल्या. मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ आणि जपमाळेतली १०८. अकरा-अकराची पावले पाहून आपण ११९ सांगणार, तर १०९ पुढे येऊन म्हणते, "ती माझी!" पुढची स्वयंभू संख्या ११०.

अशा संख्यामाला मनाला भूल घालतात त्याचे मर्म येथेच आहे. नियम चौथीतल्या पोराला समजेल असा, पण त्याची चाल मोठमोठ्यांना चकविणारी. शिवाय खरेखोटे करायला ना प्रयोगशाळा लागते, ना पदवी.

कापरेकरांकडेही १९२९ साली मिळविलेल्या बी.एस्सी.पलीकडे पदवी नव्हती. आपल्याकडच्या कित्येक विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. ते मात्र शाळा सांभाळून आकडे मांडीत राहिले, पुस्तिका छापीत राहिले. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. तोवर मास्तरांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते निवर्तले.

घरातले एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर आकड्यांशी खेळताना दिसले, तर लगेच रागावू नका. उलट त्याला विचारा, १०१ नंतरचे जंक्शन कोणते? फार लांब जावे लागणार नाही. फराळाचे ताट रिकामे होण्याच्या आत ते सापडेल.