दक्षिण मुंबईची चित्रमंदिरं : कोणाचं काय झालं?

मॅजेस्टिक, गिरगाव : १४ मार्च १९३१ रोजी इथे ‘आलम आरा’ लागला आणि हिंदी पडदा बोलू लागला. थिएटर पाडून तिथे व्यापारी संकुल झालं. नाव तेवढं उरलं.

रीगल, कुलाबा : १९३३. लॉरेल-हार्डीच्या चित्रपटाने उद्घाटन. वातानुकूलन आणि तळघरात गाड्या लावायची सोय, हे त्या काळी अप्रूपच! आजही मल्टिप्लेक्स न होता तग धरून.

मेट्रो, धोबी तलाव : १९३८ साली हॉलिवूडच्या एमजीएमने स्वतः बांधलेलं. पहिले फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये इथेच दिले गेले. २००६ पासून मल्टिप्लेक्स. दर्शनी भाग तोच, पण आतल्या एका भव्य प्रेक्षागृहाचे तुकडे झाले.

लिबर्टी, मरीन लाइन्स : १९४९, शुभारंभाला ‘अंदाज’. नाव अर्थातच नव्या स्वातंत्र्याचं. रोजचे खेळ थांबले. अधूनमधून महोत्सव आणि कार्यक्रम होतात.

इरॉस, चर्चगेट : सोराबजी भेदवारांची १९३८ ची रचना. दोन बाजू कोपऱ्यावर येऊन मिळतात आणि त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत गेलेला मनोरा. आत काळा-पांढरा संगमरवर. हजाराहून जास्त खुर्च्या होत्या. काही वर्षं बंद राहून २०२४ मध्ये आयमॅक्स म्हणून उघडलं ते जेमतेम तीनशे खुर्च्यांचं. बाल्कनीतून शिट्टी मारणाऱ्यांची सोय त्यात नाही. तरी पाडण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

बाहेरून पाहायला तिकीट लागत नाही. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडा आणि समोरच्या इरॉसकडे मान वर करून पाहा. दर्शनी भागातला आग्र्याचा लाल दगड जागेवरच आहे.