उपेक्षेनें राखलेलें घर

जुनें घर कोणीं बांधलें हें सांगतां येतें. तें कशामुळें टिकलें हें सांगणें अवघड असतें. इंग्लंडांत डर्बीशर परगण्यांत, बेकवेल गांवाजवळ, वाय नदीच्या कांठीं टेकाडावर हॅडन हॉल नांवाचें दगडी घर आहे. त्याची हकीकत आम्हांस याच दृष्टीनें वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

हें घर एकाच आराखड्याबरहुकूम उभें राहिलेलें नाहीं. बाराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत निरनिराळ्या पिढ्यांनीं त्यांत भर घातली. भिंती चुनखडीच्या व वाळूच्या दगडाच्या आहेत. मध्यें चौदाव्या शतकांतील भोजनाचा मोठा दिवाणखाना व त्याच्या दोहों बाजूंस एकेक चौक. दोन चौकांच्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ही मांडणी परकी वाटणार नाहीं. दिवाणखान्याच्या एका टोकास लांकडी पडदी असून तिच्या पलीकडून स्वयंपाकघराकडे बोळ जातो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस सर जॉन मॅनर्स यांच्या वेळीं 110 फूट लांब व अवघें 17 फूट रुंद असें दालन सिद्ध झालें. पावसाळी दिवसांत घरांतच फेरफटका करावा, हा अशा दालनांचा उपयोग. त्याच्या खिडक्यांतील शंकरपाळ्यासारखे कांचेचे तुकडे निरनिराळ्या कोनांत बसविलेले असल्यामुळें प्रकाश त्यांवर ठिकठिकाणीं खेळतो.

अठराव्या शतकाच्या आरंभीं मालक बीव्हर येथील आपल्या वाड्यांत राहूं लागले, आणि सुमारें दोनशें वर्षें हॅडनांत कुटुंब नांदलें नाहीं. त्याच काळांत इतर सरदारांनीं आपलीं जुनीं घरें पाडून ग्रीक-रोमन धर्तीचीं नवीं बांधलीं. रिकामें हॅडन मात्र त्या हौसेंतून सुटलें. तेथील प्रार्थनामंदिराचेंहि तसेंच झालें. पंधराव्या शतकांतील भित्तिचित्रें धर्मसुधारणेच्या काळीं चुन्यानें झांकलीं. जो चुना तीं लोपविण्याकरितां फांसला, त्यानेंच तीं जपलीं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, 1925 सालीं नववे ड्यूक ऑफ रट्लंड झालेल्या वंशजानें या घराचा जीर्णोद्धार केला. चित्रें उजेडांत आलीं व घर पुन्हां नांदतें झालें.

नव्या बांधकामापेक्षां जीर्णोद्धाराचें पुण्य आपल्याकडे अधिक मानितात. परंतु हॅडनाच्या दाखल्यावरून कोणीं आपला वडिलोपार्जित वाडा कुलूप लावून निश्चिंतपणें सोडूं नये. हॅडनास दगडाचें बळ होतें, आणि वंशज वेळेवर परतला. माती-लांकडाचें घर दोनशें वर्षें वाट पाहात नाहीं.