पांचव्या कलमाचा अर्थ

तहाच्या कलमाचा खरा अर्थ अंमलांत कळतो. १९४९ च्या उत्तर अटलांटिक तहाचें पांचवें कलम पाहा. एकावरील सशस्त्र हल्ला तो सर्वांवरील, असें त्यांत म्हटलें आहे. परंतु साह्य कोणतें करावें, हें ज्यानें त्यानें ठरवावयाचें आहे. अमेरिकेनें युरोपास राखावें हा मूळ हेतु. प्रसंग आला तो उलटा. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेवर दहशतवादी हल्ले झाले. दुसऱ्याच दिवशीं मित्रराष्ट्रांच्या मंडळानें हें कलम प्रथमच लागू ठरविलें, मात्र हल्ला परदेशांतून झाल्याचें सिद्ध व्हावें या अटीवर. ती पुरतांच ४ ऑक्टोबरास आठ प्रकारचें साह्य मान्य झालें: गुप्त वार्ता, विमानतळ, बंदरें इत्यादि. मे २००२ पर्यंत संघाचीं टेहळणी विमानें अमेरिकेच्या आकाशांत फिरत होतीं. तात्पर्य, कर्तव्य कलमानें बांधिलें, प्रमाण मोकळें सोडिलें. ज्यास त्याचा भरंवसा, त्यानें हा भेद ध्यानीं ठेवावा.