बोरीवरचा पूल आणि हैदराबादचा डाव

१३ सप्टेंबर १९४८ची पहाट. सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेच्या सातव्या ब्रिगेडने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. शीख पलटणीने निजामाच्या पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीचे मोर्चे मोडले. नऊ वाजता रणगाडे जळकोटात होते आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात, म्हणजे सरहद्दीपासून ६१ किलोमीटर आत. तुळजापुरात निजामाचे शिपाई आणि रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र संघटनेचे दोनेकशे लोक दोन तास लढले. लोहाऱ्याची वाट धरलेल्या तुकडीला चढलेल्या नदीने अडवले. पाच दिवसांत आटोपलेल्या, हैदराबाद संस्थानावरच्या भारताच्या लष्करी कारवाईचा, म्हणजे पोलीस ॲक्शनचा, पहिला दिवस असा आजच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात गेला.

जुनी सरहद्द

हा मुलूख शतकानुशतके दोन सत्तांच्या मधला. सोलापूर, नळदुर्ग, परांडा ही ठाणी अहमदनगर आणि विजापूर यांच्या भांडणाची. १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध दख्खनी सुलतान एकत्र आले ते सोयरिकी जुळवून. चाँदबिबीच्या लग्नात सोलापूर हुंडा म्हणून विजापूरला गेले. विजय मिळाला, पण समान शत्रू संपताच युतीही विरली. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ परांड्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली गेली. पुढे १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आणि रायचूरबरोबर नळदुर्गही घेतले. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. राज्यकर्त्यांच्या व्यवहारात हा मुलूख कधी हुंडा होता, कधी तारण.

निजामाचे पर्याय

१९४७ मध्ये हैदराबाद संस्थान ८२ हजार चौरस मैलांचे होते, लोकसंख्या १ कोटी ६३ लाख. समुद्रकिनारा नव्हता आणि चहूबाजूंनी भारत. विलीन व्हायचे, दिल्लीशी करार करून स्वायत्तता राखायची, की बाहेरचा आधार शोधायचा, असे तीन मार्ग समोर होते. निजाम मीर उस्मान अली खान यांनी वेळ काढण्याचा चौथा मार्ग निवडला. २९ नोव्हेंबर १९४७ला भारताशी एका वर्षाचा जैसे थे करार झाला.

त्या मुदतीत हैदराबादने हातपाय मारले. पाकिस्तानला २० कोटी रुपयांच्या रोख्यांचे कर्ज दिले. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटनची विमाने कराचीहून शस्त्रे आणू लागली. बंदरासाठी गोव्यातल्या मुरगावकडे डोळे लागले होते. २१ ऑगस्ट १९४८ला भारताविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत गेली.

पण डावाची दोरी पूर्णपणे निजामाच्या हातात नव्हती. तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूरचा वकील कासीम रझवी रझाकारांचा सर्वेसर्वा झाला होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत उग्र निदर्शने केली आणि दिल्लीशी ठरत आलेला जैसे थे कराराचा मसुदा निजामाने तेव्हा बाजूला ठेवला. दिल्लीवर दबाव आणण्यासाठी पोसलेली ही संघटना आता निजामालाच तडजोड करू देईना. दुसरीकडे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेस विलीनीकरणासाठी लढत होती. हेच स्वामीजी पूर्वी याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवत.

दिल्लीतही एकमत नव्हते. काश्मीरचे युद्ध चालू होते. कारवाईचे पडसाद पाकिस्तानात आणि जगात कसे उमटतील, याची नेहरूंना चिंता होती, तर पटेलांना उशीर अधिक महाग वाटत होता. लष्करप्रमुख जनरल बुचरही कारवाईला अनुकूल नव्हते. ११ सप्टेंबरला जिना गेले आणि दोन दिवसांनी फौजा निघाल्या.

१६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने हैदराबादचा प्रश्न आठ मतांनी विषयपत्रिकेवर घेतला. चीन, सोव्हिएत संघ आणि युक्रेन तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी निजामाने लढाई थांबवली. जो प्रश्न जगाच्या व्यासपीठावर नेला, त्याचा निकाल सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आधीच लागला होता.

आजचा आशिया

नेपाळलाही समुद्र नाही. २०१५ मध्ये भारतीय सीमेवरची वाहतूक अडली, इंधन आणि औषधांची टंचाई झाली. २०१६ मध्ये काठमांडूने चीनशी पारगमन करार केला. पण हिमालयापलीकडची बंदरे हजारो किलोमीटर दूर आहेत; त्यामुळे तो करार भारताची जागा घेत नाही, फक्त बोलणी करताना थोडी ताकद देतो. सार्वभौम नेपाळ आणि संस्थान हैदराबाद यांची तुलना इथवरच. भूवेष्टित राज्याला दूरच्या मित्राची मदत शेजाऱ्याच्या हद्दीतूनच घ्यावी लागते, मग तो मित्र कितीही बलाढ्य असो. म्हणून शेजाऱ्याशी टिकाऊ समझोता आणि स्वतःच्या प्रजेचा विश्वास, हीच त्याची खरी तटबंदी. निजामाकडे दोन्ही नव्हते.

मात्र हिशेब इथे संपत नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने पोलीस ॲक्शननंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होते. त्याआधी रझाकारांच्या जुलमाने गावे होरपळली होती, त्यानंतर सूडाची झळ मुसलमान वस्त्यांना बसली. समितीचा अहवाल अनेक दशके सार्वजनिक झाला नाही. सरहद्दीचा प्रश्न पाच दिवसांत सोडवणाऱ्या सरकारला त्या सरहद्दीवरच्या माणसांचे संरक्षण वेळेवर करता आले नाही. सुरक्षेच्या धोरणाचे यश मोजताना जिंकलेल्या पुलाइतकेच हे अपयशही मोजावे लागेल.